वजन उतरवण्याचा गट: आत जाण्याआधी आणि गेल्यावर

मोजपट्टी (धागाकर्ती)

वजनाच्या धाग्यांवर काय खावं नि काय सोडावं याचा कीस पाडून झालेला असतो. गटात बसून, मार्गदर्शकाच्या मदतीने चालणाऱ्या कार्यक्रमांबद्दल मात्र एकच प्रश्न येतो: त्याने खरंच काही होतं का?

होतं. पण ते आहाराच्या तक्त्यामुळे नाही. तक्ते पैशाला पासरी मिळतात. गट कामी येतो तो ठरल्या वारी हजर राहिल्यामुळे, खाल्लेलं लिहून ठेवल्यामुळे आणि वजन वाढलेल्या आठवड्यातही तोंड न लपवता गेल्यामुळे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना जमतात. तिसरीवर गट फुटतात, म्हणून हा धागा.

आधी ढाचा. गटात ८ ते १५ माणसं. आठपेक्षा कमी असली तर दोघं गैरहजर राहिल्यावर खोली ओकीबोकी होते. पंधराच्या वर गेली की प्रत्येकाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. सत्र ६० ते ९० मिनिटांचं. पहिले तीन महिने दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा, असं मिळून निदान वर्षभर. बंद गटात सगळे एकत्र सुरू करतात, त्यामुळे विश्वास लवकर बसतो. खुल्या गटात कधीही येता येतं आणि सहा महिने टिकलेली माणसं समोर दिसतात. दोन्ही चालतात, फक्त आपला कोणता ते आधी विचारा.

आणखी विचारायचं ते हे: बारा आठवड्यांनंतर काय? २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली, १,२६७ माणसांची. काहींना नुसती माहितीपुस्तिका आणि थोडा सल्ला, काहींना १२ आठवड्यांचा गट, काहींना ५२ आठवड्यांचा. वर्षअखेर सरासरी घट अनुक्रमे ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो. त्यामुळे 'बारा आठवड्यांत कायापालट' अशी पाटी दिसली तर तेराव्या आठवड्याचं काय ते विचारूनच नाव नोंदवा.

आता वजन घेण्याची जागा, कारण तिच्यावरून गट पारखता येतो. काटा कडक, सपाट फरशीवर हवा. गालिचा किंवा सतरंजीवर ठेवला की आकडा भरवशाचा राहत नाही. जागा पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत. बूट, पट्टा, किल्ल्या, मोबाईल बाजूला. दोन्ही पाय मध्ये ठेवून स्थिर उभं राहायचं, आकडा थांबला की उतरायचं, पुन्हा चढायचं. दोन आकड्यांत २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर काटा सरकलाय किंवा बॅटरी उतरलीय. नोंद करणारा माणूस आकडा लिहितो आणि गप्प बसतो. 'अरे वा!' सुद्धा म्हणायचं नाही. या आठवड्यात 'अरे वा' म्हटलं की पुढच्या आठवड्यातली शांतता ही शिक्षा होते, आणि त्यानंतरच्या आठवड्यात माणूस येत नाही.

---

पाणीदार

उत्तम धागा. आहारशास्त्राच्या बाजूने भर घालतो, कारण काट्याबद्दलचा अर्धा गोंधळ पाण्याचा असतो.

शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की पहिल्या आठवडा-दहा दिवसांत हा साठा उतरतो, त्यामुळे दीड-दोन किलो सहज जातात. माणूस हरखतो. तिसऱ्या आठवड्यात घट ४०० ग्रॅमवर येते आणि 'आता काम करेनासं झालं' असं वाटू लागतं. खरं तर तेव्हा जी घट दिसते ती बरीचशी चरबीची असते. उलट बाजूही तीच. एक खारट जेवण, पाळीआधीचे काही दिवस, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने दुखावलेले स्नायू, बद्धकोष्ठ, यांतलं काहीही काटा किलोभराने वर नेतं. त्या किलोत चरबी नसते. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० किलोकॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. एका रात्रीत ते होत नाही.

पण याच ७,७०० च्या हिशेबाने भविष्य वर्तवू नका. रोज ५०० कमी, म्हणजे वर्षाला जवळपास २४ किलो, हा भागाकार चुकीचा आहे. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं गणित जास्त खरं उतरतं: रोजच्या खाण्यात कायमची २४ किलोकॅलरी घट म्हणजे शेवटी सुमारे १ किलो, आणि त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात. म्हणजे ५०० च्या घटीने वर्षाला दहा किलोच्या आसपास, तेही ५०० ची शिस्त रोज पाळली तर. गटात पहिल्याच सत्रात हे सांगितलं नाही, तर सहाव्या महिन्यात लोक स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतात.

---

शंकासुर

मग 'सगळं काटेकोर लिहितो तरी काटा हलत नाही' म्हणणारे खोटं बोलतात का?

---

पाणीदार

नाही. खोटं वेगळं आणि निसटणं वेगळं. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच तक्रारीच्या माणसांची मोजणी केली. खाणं ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांच्या चयापचयात काही बिघाड नव्हता.

नोंदवहीत हे कसं दिसतं पाहा. एक ओळ घ्या: 'दुपारी १.३० – नेहमीसारखं जेवण.' या ओळीतून काहीच कळत नाही. 'नेहमीसारखं' म्हणजे किती? स्वयंपाकाला तेल कशाने घातलं? 'बाटलीतून, अंदाजाने.' इथे थांबायचं. १५ मिलीचा एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० किलोकॅलरी, आणि बाटली तिरकी धरली की एका धारेत दोन चमचे सहज जातात. मोजायचा सोपा मार्ग: स्वयंपाकाआधी तेलाची बाटली छोट्या काट्यावर ठेवा, झाल्यावर पुन्हा. आधी ९४० ग्रॅम, नंतर ८९६. गेलं ४४ ग्रॅम. चार माणसं जेवली, तर माणशी ११ ग्रॅम, म्हणजे सुमारे १०० किलोकॅलरी, एका वेळच्या नुसत्या तेलाच्या. आठवडाभर हे केलं की डोळा बसतो, मग रोज वजन करायची गरज राहत नाही.

नोंदवहीला पाच रकाने पुरतात: वेळ, पदार्थ, किती, कुठे व कोणासोबत, आणि खाण्याआधीची भूक ० ते १०. लोक पहिले तीन भरतात. उपयोग शेवटच्या दोघांचा. ज्या नोंदींसमोर भूक ३ च्या खाली आहे त्या रंगवा. बहुतेक वेळा त्या एकाच तासाला, एकाच जागी सापडतात. आणि लिहायचं खाल्ल्यावर पंधरा मिनिटांच्या आत. रात्री आठवून लिहिलं की चव घेतलेले चमचे, मुलांच्या ताटातलं उरलेलं आणि पेयं हमखास गळतात.

---

रविवारसकाळ

वाचनखूण साठवली. कार्यक्रमाचं नियोजन करणाऱ्यांसाठी गैरहजेरीचा भाग लिहितो.

एक सत्र चुकणं हे कुणाचंही होतं. लागोपाठ दोन चुकली की तो माणूस परत येण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून फोन पहिल्या गैरहजेरीनंतर ४८ तासांच्या आत जायला हवा, दुसरीची वाट पाहायची नाही. फोनवर वजन विचारायचं नाही, गैरहजेरीचं कारणही नाही, 'का नाही आलात?' तर मुळीच नाही. विषय काय झाला ते तीन वाक्यांत, पुढचं सत्र कधी, आणि 'तुमची खुर्ची ठेवलीय'. वीस मिनिटांचं भरपाई सत्र फोनवर देता आलं तर उत्तम, पण ते पुढच्या सत्राआधीच.

खुर्चीवरून आठवलं. हात नसलेल्या, दणकट खुर्च्या ठेवा. हातांच्या अरुंद खुर्चीत अडकण्याच्या भीतीने लोक पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभे राहतात, दुसऱ्या दिवशी येत नाहीत, आणि आयोजक प्रेरणेवर भाषण तयार करत बसतात. काट्याची कमाल क्षमताही तपासा. १५० किलोपर्यंतच जाणारा काटा ठेवून १६० किलोच्या माणसाला सगळ्यांच्या नंतर 'थांबा हं' म्हणणं याला क्षमा नाही. २०० किंवा २५० किलोचा घ्या.

---

शंकासुर

चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते अशांनी एकट्याने समुपदेशन घेणं बरं नाही का?

---

तिसरा_घास

वाटतं तसं. रेनजिलियन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ७५ जणांना आधी आवड विचारली, गट की एकट्याने, आणि मग काहींना आवडीचं, काहींना नावडीचं दिलं. गटातल्यांचं वजन जास्त उतरलं, ज्यांना एकट्याने हवं होतं त्यांचंही. म्हणजे 'मला गट आवडत नाही' हे गट टाळायला पुरेसं कारण नाही. ओळखीचे सोबत असले तर आणखी बरं. विंग आणि जेफरी यांच्या १९९९ च्या अभ्यासात एकटे आलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पुरा केला. तीन मित्र-नातेवाइकांसह आलेल्या आणि शिवाय आधाराचं खास प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. उतरलेलं वजन नंतर पूर्ण टिकवणारे पहिल्यात २४ टक्के, दुसऱ्यात ६६.

पण गट म्हणजे आपोआप आधार, असं नाही. वाईट चालवलेला गट एकटेपणापेक्षा वाईट. ओळखायच्या खुणा सांगते. एकच माणूस पंधरा मिनिटं बोलतो आणि मार्गदर्शक मान हलवतो. सदस्य एकमेकांना 'तुम्ही ना, हे बंद करा' असे सल्ले फेकतात. वजन वाढलेल्याला सगळ्यांसमोर कारण सांगावं लागतं. उतरलेल्यांना टाळ्या मिळतात. यांतल्या दोन गोष्टी पहिल्या सत्रात दिसल्या तर दुसरा गट शोधा.

मोजपट्टीताईंनी म्हटलेल्या 'वाढलेल्या आठवड्या'कडे येते. मार्गदर्शकाने 'काय चुकलं?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'माझाच ताबा नाही.' इथे दार बंद. 'त्या दिवशी सकाळपासून काय काय होत गेलं?' असं विचारलं की साखळी बाहेर येते. दुपारचं जेवण कामामुळे राहिलं. साडेपाचला भूक ९. घरी जाताना दुकानात शिरणं. पुडा रस्त्यातच फुटला. 'आजचा दिवस तसाही गेलाच' हा विचार. मग रात्रीचं जेवण वर, आणि नंतर गोड. माणूस दोष देतो शेवटच्या कडीला, गोडाला. सोडवायची असते पहिली, दीड वाजताची. सहाव्या कडीला माणूस थकलेला, चिडलेला आणि स्वतःवर नाराज असतो. तिथे निर्धार चालत नाही. दीड वाजता पिशवीत डबा असला की बाकीच्या पाच कड्या जुळतच नाहीत.

'दिवस गेलाच' या विचाराकडे मात्र वेगळं बघायला हवं. मार्लाट आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये व्यसनमुक्तीच्या संदर्भात घसरणं आणि कोसळणं यांत फरक केला. घसरल्यामुळे माणूस कोसळत नाही, घसरल्याचा जो अर्थ तो लावतो त्यामुळे कोसळतो. पुड्यातले ५०० किलोकॅलरी आठवड्याच्या हिशेबात फार नाहीत. त्यानंतरचे तीन 'गेलेले' दिवस मात्र फार होतात.

म्हणून सत्राची शेवटची पंधरा मिनिटं फक्त पुढच्या आठवड्याच्या आखणीची. प्रत्येकाने एकच गोष्ट, 'जर-तर'च्या साच्यात, कागदावर. 'कमी खाईन' ही आखणी नव्हे. 'जर कामामुळे दुपारी दोन वाजून गेले, तर पिशवीतला डबा जागेवरच उघडेन' ही आखणी. शेजारी बसलेल्याने ती वाचून एकच प्रश्न विचारायचा: यात काय आडवं येऊ शकतं? आडवं येणारं सापडलं की साचा बदला, घरी जाण्याआधी. वेळ कमी पडला तर नवा विषय कापा, ही पंधरा मिनिटं कापू नका. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं.

---

नाडी

डॉक्टरी बाजू. गटात नाव घालण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे, आणि ही औपचारिकता नव्हे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील आणि खाणं एकदम कमी झालं, तर शुगर लो होते. डोस आधीच बेतावा लागतो. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. गटाच्या खोलीत ग्लुकोज आणि ग्लुकोमीटर हवा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या घेणाऱ्यांनी उपास किंवा अगदी कमी कर्बोदकांचा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात धोकादायक आम्ल साठणं, होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर सरळ दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना काही किलो उतरल्यावर उठताना चक्कर येऊ लागली, तर तो 'अशक्तपणा' नसून डोस जास्त झाल्याची खूण असू शकते.

आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने सातत्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पहिल्या आठवड्यातलं पाणी यात धरू नका. उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर तासाभरात उठणारी कळ अंगावर काढू नये.

गर्भारपणात वजन उतरवण्याच्या गटात जायचं नाही. खाण्याचा आजार असेल किंवा शंका असेल तर आधी त्यावर उपचार. यासाठी १९९९ पासून पाच प्रश्नांची एक छोटी चाळणी वापरतात: पोट असह्य भरल्याने मुद्दाम उलटी करता का, किती खाल्लं यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का, तीन महिन्यांत ६ किलोहून जास्त वजन उतरलं का, इतर बारीक म्हणत असताना स्वतः लठ्ठ वाटता का, अन्नाने आयुष्य व्यापलंय असं म्हणाल का. दोन किंवा अधिक 'हो' आले तर गट थांबवून तज्ज्ञांकडे.

काही औषधं वजन वाढवतात: स्टेरॉइड, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, इन्सुलिन. आपणहून बंद करू नका. पण मार्गदर्शकाला सांगा, नाहीतर तुमच्या वहीत नसलेली चूक शोधली जाते.

---

शंकासुर

आणि ती वजन उतरवणारी, आठवड्याची इंजेक्शनं? ती घेणारे नि न घेणारे एकाच गटात असले तर?

---

नाडी

त्यांतल्याच सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घट होती. गटात इतकी घट क्वचित होते. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर आठवड्याला किलो उतरताना दिसला की बाकीच्यांचा धीर सुटतो. उपाय साधा आहे, आकडे गटात बोलायचेच नाहीत. इंजेक्शनवाल्यांनाही गटाचा उपयोग आहेच: भूक मेलेली असताना प्रथिनं कमी पडतात, पाणी कमी पडतं, स्नायू झिजतात. आणि औषध थांबवल्यावर त्याच चाचणीतल्या लोकांचं वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. सवयी औषध चालू असतानाच बसवायच्या, नंतर नाही.

---

सावकाश_चाल

व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण वजन उतरण्यात त्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे आणि टिकवण्यात जास्त.

लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं मध्यम चाल. मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. सुरुवात १० मिनिटांच्या तुकड्यांनी, दर आठवड्याला एकूण मिनिटांत फार तर दहा टक्के वाढ. गुडघा दुखला तर नियम असा: चालल्यानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी वेळ कमी करा, चालणं बंद करू नका. ज्यांच्या गुडघ्यांची झीज झालीय त्यांना हे सांगण्यासारखं आहे की १ किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो.

आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम हवंच. नुसतं खाणं कमी करून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, रबरी पट्टा ओढणं, टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. बारा सहज झाले की खुर्चीवर खाली येताना चार मोजा. जमिनीवर झोपून करायचे प्रकार गटात टाळा. उठताना चारजणांचा हात लागला की तो माणूस पुन्हा चटईवर येत नाही, गटातही नाही. प्रथिनांचं पाणीदार सांगतील.

---

पाणीदार

दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमच्या आसपास, तिन्ही जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

---

मोजपट्टी

घरी रोज वजन करावं का, यावर व्यक्तिनिरोप आलेत. इथेच चर्चा होऊ दे. माझं मत आठवड्यातून एकदाच. रोजचा आकडा पाण्याचा खेळ असतो, पाणीदारांनीच वर लिहिलंय.

---

पाणीदार

याबाबत असहमत. पाण्याचा खेळ आहे म्हणूनच रोज करावं आणि सात दिवसांची सरासरी पाहावी. आठवड्यातून एकदाच केलं आणि नेमका तो दिवस खारट जेवणानंतरचा निघाला, तर आठवड्याचं काम दिसत नाही. टिकवण्याच्या टप्प्यात तर रोजचंच. २००६ च्या एका चाचणीत वजन उतरवून आलेल्या ३१४ जणांपैकी एका गटाला समोरासमोर आणि एकाला इंटरनेटवरून रोजच्या वजनावर आधारलेली रंगांची पद्धत शिकवली. सुरुवातीच्या वजनापासून साधारण १.४ किलोच्या आत हिरवा, त्यावर पिवळा, २.३ किलो वाढलं की लाल. पिवळ्यात आखणी काढायची, लाल झाला की वजन उतरवण्याच्या टप्प्याकडे परत जायचं आणि फोन करायचा. दीड वर्षात २.३ किलो किंवा जास्त परत चढलेले नुसती पत्रकं मिळालेल्यांत ७२.४ टक्के, समोरासमोरच्या गटात ४५.७.

---

तिसरा_घास

सगळ्यांना नाही. आकडा वाढला म्हणून जेवण गाळणारा, किंवा कमी झाला म्हणून 'बक्षीस' खाणारा असेल त्याने रोज काट्यावर चढू नये. दोन आठवडे रोज वजन आणि त्या दिवसाची मनःस्थिती शेजारी शेजारी लिहून पाहा. दोन्ही एकत्र वर-खाली होत असतील तर काटा गटाच्या खोलीतच राहू दे.

---

मोजपट्टी

मान्य. 'आठवड्यातून एकदाच' हे सरसकट लिहायला नको होतं.

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपबद्दल: वजनाचे आकडे नकोत, ताटाचे फोटो नकोत, चमत्कारी उपायांचे फॉरवर्ड नकोत, रात्री नऊनंतर काही नको. उरतं काय? सत्राची आठवण आणि 'जर-तर'ची पाटी. तेवढंच पुरे.

---

शंकासुर

बरं, एकाने कबूल करायला हरकत नाही. परवा पहिलं सत्र आहे. सोबत काय न्यायचं?

---

मोजपट्टी

औषधांची यादी डोससकट. चष्मा, अर्ज बारीक अक्षरात असतो. तीन दिवसांची नोंदवही, काहीही न बदलता खाल्लेलं लिहिलेली. त्यात एक सुट्टीचा दिवस असू दे. कपडे असे की दर आठवड्याला तेच घालता येतील. कंबर मोजतील तेव्हा शर्ट वर करायची तयारी ठेवा: शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये, पट्टी आडवी, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढू नका, मोजणाऱ्याला कळतं. लक्ष्य विचारतील तेव्हा 'वीस किलो' सांगू नका. सध्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, सहा महिन्यांत. ९० किलो असाल तर साडेचार ते सव्वासहा. ऐकायला कमी वाटतं, पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत लक्ष्य ७ टक्क्यांचंच होतं, चाल आठवड्याला १५० मिनिटं, आणि त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

आणि उपाशी जाऊ नका. पहिला आकडा कमी दिसावा म्हणून बरेच जण आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा पीत नाहीत. मग दुसऱ्या आठवड्यात मन लावून सगळं केलेलं असतं आणि काटा ३०० ग्रॅम वर दिसतो, कारण सुरुवातच खोटी होती. तिसऱ्या आठवड्यात रविवारसकाळ यांना फोन करावा लागतो.

---

शंकासुर

नाश्ता करून, पट्टा काढून. लिहून घेतलं.